शेवटची फळी

आरंभाचे आपल्याकडे केवढे प्रस्थ आहे! विहीर खणायची असो, दुकान मांडायचे असो, की नुसता खळ्यात तिवडा रोवायचा असो, नारळ फुटल्याखेरीज हात हलत नाही. थांबण्याचा मुहूर्त मात्र कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. गणपतीची उत्तरपूजा हाच काय तो अपवाद. निरोपाची पूजा झाल्याशिवाय मूर्ती उचलायची नाही, अक्षता वाहून ती आधी किंचित सरकवायची, एवढी सभ्यता आपण देवापुरती पाळतो. बाकीची कामे थांबवायची म्हणजे दिवा मालवायचा आणि कडी लावायची.

माझा व्यवसाय प्रोग्रॅम लिहिण्याचा, आणि त्यातले बहुतेक प्रोग्रॅम सर्व्हर या जातीचे. सर्व्हर म्हणजे ज्याचे दार अष्टौप्रहर उघडे असते असा प्रोग्रॅम. कोणी मागितले की देतो, कोणी दिले की ठेवून घेतो. पण दारात बसून बोलतो तेवढाच काही तो नसतो. लग्नघरात ओसरीवर यजमान 'या, बसा' करीत असतात, त्याच वेळी मागच्या परसात कोणी पाणी भरीत असते, कोणी नारळ खवीत असते, कोणी उद्याच्या पत्रावळी मोजून ठेवीत असते. पाहुण्याला त्यातले काही दिसत नाही. सर्व्हरच्या पोटातही अशी परसातली मंडळी असतात. त्यांना आमच्या धंद्यात थ्रेड म्हणतात. घर एकच, भांडी एकच, विळी एकच; कामे निरनिराळी, आणि सगळी एकाच वेळी चाललेली. अशा घरात एकदम 'पुरे, बंद करा' म्हटले तर काय व्हावे? विषय रुक्ष आहे, हे मला कळते. परंतु याच रुक्ष विषयापायी वेल्ह्याकडच्या एका गावात एक पोरगा चोर ठरू पाहत होता, म्हणून तो दिवाळीच्या फराळाबरोबर पुढे ठेवण्याचे धाडस करतो.

भोर आणि वेल्हे हे तालुके एकमेकांना लागून आहेत. भोर नीरेच्या काठी, वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, तरी जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे, आणि माझ्याही. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर मधे डोंगर उभे. गाडीने बहुधा नसरापुरावरून वळसाच घालतात. दोन्हीकडे पाऊस दांडगा, पीक भाताचे, आणि घरटी एखाददुसरे दुभते जनावर. भाताचा पैसा वर्षातून एकदा दिसतो. तेलमीठ, पोरांच्या वह्या, एसटीचे भाडे हे सारे दुधावर चालते. तेव्हा दुधाच्या हिशेबातला एक लिटर हा पुण्याच्या माणसाला वाटतो तेवढा लहान नसतो.

भोरात एका दूधसंस्थेची कचेरी आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तिची केंद्रे दोन्ही तालुक्यांतल्या गावांतून आहेत. सकाळ-संध्याकाळ किटल्या येतात, काट्यावर वजन होते, मशीनवर फॅट आणि एसएनएफ पाहिले जाते, आणि केंद्रावरचा लहानसा संगणक ती नोंद मोबाइलच्या जाळ्यातून भोरच्या सर्व्हरकडे धाडतो. तिकडून 'मिळाले' असा जबाब आला की पावती छापून हातात पडते. दर दहा दिवसांनी या नोंदींवरून दुधाचा पगार निघतो. व्यवस्था चोख, पुण्याच्या कोणा मंडळींकडून संस्थेने ती करून घेतली होती.

परतीच्या पावसाचे दिवस होते. एका म्हातारीने पगाराचा कागद शेजारच्या शाळकरी मुलीकडून वाचून घेतला. तीत अठरा वेळचे दूध होते. म्हातारीने मिसरीच्या रिकाम्या डब्यातून पावत्या काढून जमिनीवर मांडल्या. वीस. दहा दिवस, दोन वेळा, वीस पावत्या. ती केंद्रावर गेली तेव्हा पोराने तिला कागदाचाच हवाला दिला. म्हातारी म्हणाली, "वाचाया न्हाय येत मला, पन मोजाया येतं."

मग आणखी दोघांच्या पावत्या निघाल्या. आणि मग जे होते ते झाले. यंत्र खोटे बोलत नाही हा आजकाल गावोगावचा सिद्धांत आहे. तेव्हा खोटे बोलणारा माणूस शोधला पाहिजे. केंद्रावर बसणारा तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा समोरच होता. तोच नोंदी पुसतो आणि दूध आपल्या चुलत्याच्या खात्यावर घालतो, असे आधी पारावर आणि मग त्याच्या आईच्या तोंडावर बोलले गेले. चार घरांनी दूध खाजगी डेअरीच्या टेम्पोला घालायला सुरुवात केली. पोराने काम सोडतो म्हणून सांगितले. म्हणजे गावाच्या दृष्टीने कबुलीच दिली.

संस्थेचे सचिव माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी मला बोलावून घेतले. मी प्रथम प्रोग्रॅम उघडलाच नाही. सर्व केंद्रांवरून पावत्या मागवल्या आणि ज्यांची नोंद सापडत नव्हती त्या एका कागदावर तारीखवार उतरवल्या. सहा आठवड्यांत सतरा नोंदी. त्या एका गावच्या नव्हत्या, तीन गावांच्या होत्या. चारच संध्याकाळच्या, आणि साऱ्या सात ते साडेसातच्या दरम्यानच्या. सकाळची एकही नाही. तीन गावांत एकाच पोराला चोरी करता येत नाही, एवढे तर तिथल्या तिथे सचिवांना पटले. पण मग त्या चार संध्याकाळी झाले काय?

उत्तर कचेरीच्या शिपायाने दिले, आणि ते देताना आपण काही विशेष सांगतो आहोत असे त्याला मुळीच वाटले नाही. "त्या दिवशी ढग लई गडगडत व्हतं, साहेब. म्हनून मशीन लवकर बंद केलं." आदल्या वर्षी विजेने संस्थेचे एक यंत्र जळले होते, तेव्हापासून तसा हुकूमच होता. बरे, त्याने वायर ओढली म्हणावे तर तेही नाही. पडद्यावर 'बंद करा' दाबले, पडदा काळा होईपर्यंत उभा राहिला, मगच वायर काढली. शिकवले होते तसे, तंतोतंत. त्याच्यापेक्षा शिस्तीने यंत्र बंद करणारा माणूस मी मोठमोठ्या कंपन्यांतूनही पाहिलेला नाही.

दोष परसातल्या मंडळींच्या व्यवस्थेत होता. या सर्व्हरात मागे तीन थ्रेड चालत. एक आलेल्या नोंदी खात्यात लिहिणारा, दुसरा शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश धाडणारा, तिसरा रात्री सगळ्याची नक्कल काढणारा. दारातला गडी नोंद घ्यायचा, मागच्या रांगेत ठेवायचा आणि गावाला लगेच 'मिळाले' म्हणून कळवायचा. लिहिणारा थ्रेड मात्र मिनिटभराच्या नोंदी साठवून एकदम लिहीत असे. एरवी यात काही बिघडत नाही. पण त्या मिनिटाच्या आत यंत्र बंद झाले तर गावात पावती छापलेली, आणि भोरात कागद कोरा.

शिवाय हे तिन्ही थ्रेड 'डीमन' जातीचे केलेले होते. हा शब्द मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये १९६३च्या सुमारास मागे राहून गुपचूप कामे करणाऱ्या प्रोग्रॅमना तिथल्या मंडळींनी हे नाव दिले, ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतल्या, दारावर बसून रेणू निवडणाऱ्या भुतावरून. आपल्याकडे हे नाव ठेवायचे असते तर वेशीवरच्या वेताळावरून ठेवले असते. पुढे जावा भाषेत डीमन थ्रेडला एक नेमका अर्थ आला: ज्याच्यासाठी प्रोग्रॅम खोळंबत नाही तो. साधे थ्रेड संपले की प्रोग्रॅम संपतो, आणि डीमन जिथे असेल तिथे, हातातल्या ओंजळीसकट, सोडून दिला जातो. जाण्यापूर्वी करावयाची म्हणून त्याने लिहून ठेवलेली आवराआवरही होत नाही. आणि यंत्रच बंद होत असताना येणारा निरोप तर साध्या थ्रेडचीही वाट पाहत नाही. तिथे 'जाण्याआधी एवढे करा' असे वेगळे बजावून ठेवावे लागते. ते कोणी बजावले नव्हते.

नवख्या माणसाला वाटते, बंद करायचे तर थ्रेडला सरळ मारून का टाकू नये? हा प्रश्न वेडगळ नाही. जावा करणाऱ्या हुशार लोकांनीही प्रथम तशी सोय ठेवली होती: बाहेरून एकाने दुसऱ्याला 'थांब' म्हणावे आणि तो तिथल्या तिथे कोसळावा. १९९८ साली त्यांनीच ती वापरू नका असे जाहीर केले, आणि २०२३ साली निघालेल्या विसाव्या आवृत्तीत तर ती मागणारालाच चूक दाखवून परत पाठवले जाऊ लागले. कारण असे. एकच वही दोघांनी एकदम लिहू नये म्हणून थ्रेड कुलूप वापरतात. ज्याच्या हाती किल्ली त्याने लिहावे, बाकीच्यांनी थांबावे. समजा, एकाच्या खात्यावर चुकून चढलेले पाच लिटर दुसऱ्याच्या खात्यावर वळवायचे आहे. पहिल्या पानावरून पाच वजा झाले, आणि दुसऱ्या पानावर जमा होण्याच्या आत थ्रेड मारला गेला. जावाच्या जुन्या रीतीत मरता मरता त्याची किल्ली सुटायची. म्हणजे बाकीचे आत शिरून ती अर्धवट वही पुरी समजून वाचायचे. उलट विंडोजवर थ्रेड बाहेरून मारण्याची जी सोय आहे तीत किल्ली मेलेल्याच्या मुठीतच राहू शकते. बाकीचे दाराशी जन्मभर उभे. दोन्हींपैकी बरे कोणते हे ठरवण्यात अर्थ नाही. आपल्या हातात या घटकेला काय आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणून थांबायचेही ज्याचे त्यानेच. बाहेरच्याने फक्त सांगावे.

पण हे सांगणेसुद्धा वाटते तितके सोपे नाही. साधी युक्ती अशी, की भिंतीवर एक पाटी लावायची: 'काम चालू'. बंद करायचे झाले की ती पुसून 'बंद' लिहायचे. प्रत्येक थ्रेडने एक नोंद संपवून दुसरी उचलण्यापूर्वी पाटीकडे नजर टाकायची. अर्धी नोंद हातात असताना पाहायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. पण संगणक काटकसरी असतात. पाटी बदलत नाही असे दिसले की वेळ वाचवण्यासाठी ते मघाशी पाहिलेले तेच खरे धरून चालतात. मान वर करीत नाहीत. म्हणून ही पाटी दर वेळी खरोखर पाहण्याची आहे, असे भाषेत वेगळे नमूद करावे लागते. आणि जो थ्रेड कामाची वाट पाहत झोपला आहे त्याला पाटी दिसणार कशी? त्याला हलवून उठवावे लागते. जावात तशी हाक मारता येते. पण पुष्कळ प्रोग्रॅमांत त्या हाकेला 'हूं' म्हणून कूस बदलून पुन्हा झोपण्याची सोय लिहिणाऱ्यानेच करून ठेवलेली असते. मी पाहिलेल्या प्रोग्रॅमांत ही खोड इतकी सर्रास आहे, की आता कोणाचा प्रोग्रॅम हाती आला की मी पहिल्याने तीच जागा उघडून बघतो.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. कामाच्या रांगेतच सर्वांत शेवटी एक खुणेची नोंद ठेवायची. ती हाती आली की समजायचे, यापुढे काही नाही. इंग्रजीत हिला विषाची गोळी म्हणतात. आपण तिला पंगतीतला ताकभात म्हणावे. तो पानात पडला की कोणी न सांगता माणसे हात आवरते घेतात. एक मात्र सांभाळावे: रांगेवर चार थ्रेड बसले असतील तर चौघांना पुरतील अशा चार खुणा ठेवाव्या, नाहीतर एकच जेवून उठतो आणि तिघे पानावर बसून राहतात.

आणि या साऱ्याला एक क्रम लागतो. तो मी पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी भाताच्या लावणीत पाहिला होता. तरव्यात बसून काही बाया रोपे उपटून मुठी बांधतात, एखादा गडी त्या मुठी चिखलणी झालेल्या खाचरात नेऊन टाकतो, आणि खाचरातल्या बाया त्या लावीत सरकतात. दिवस कलला की 'चला घरी' अशी एकच आरोळी ठोकून सगळ्यांना एकदम बाहेर काढणारा शेतकरी मी पाहिला नाही. तरव्यातल्या बाया आधी उठतात. मग मुठी वाहणारा शेवटची खेप टाकतो. खाचरातल्या बाया बांधावर पडलेल्या मुठी संपवूनच पाय धुतात. उलट क्रमाने केले तर उपटलेली रोपे रात्रभर उघडी पडायची. सर्व्हरचे अगदी असेच. आधी दारातून नवे घेणे बंद, मग मधली रांग रिकामी, मग लिहिणारा थ्रेड, आणि तो ज्या वहीत लिहितो ती वही सर्वांच्या शेवटी मिटायची. वही आधी मिटून बसलेले सर्व्हर मी मोजू म्हटले तर बोटे पुरणार नाहीत.

सांगितले म्हणजे झाले, असेही नाही. जाणारा खरोखर गेला की नाही, हे पाहायला उभे राहावे लागते. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला लागले आणि दूध घालायला आलेली हिरकणी आत अडकली, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सगळे जण त्या आईचे धैर्य वाखाणतात, आणि ते वाखाणण्याजोगे आहेच. पण मी या धंद्यात पडल्यापासून मला त्या कथेतला दरवाजावरचा माणूस दिसतो. त्याने हुकुमाप्रमाणे वेळेवर दार लावले. सकाळी किती गवळणी वर आल्या आणि संध्याकाळी किती उतरल्या, हे मोजायचे काम त्याला कोणी दिलेलेच नव्हते. आमच्याकडे या मोजण्याला जॉइन म्हणतात: अमुक थ्रेड संपेपर्यंत पुढे सरकू नये. सी प्लस प्लस या भाषेत, असे मोजल्याशिवाय कोणी थ्रेडची चिठ्ठी टाकून दिली तर अख्खा प्रोग्रॅमच आपटतो. शिक्षा मला थोडी रावणी वाटते. २०२० सालच्या आवृत्तीत त्यांनीही थांबण्याची विनंती करून स्वतःच वाट पाहणारा नवा थ्रेड आणला.

वाट तरी किती पाहायची? इथे जग फार उदार नाही. लिनक्सवर सेवा सांभाळणारा सिस्टिमडी नावाचा कारभारी वेगळे काही सांगितले नसेल तर दीड मिनिट धीर धरतो. कुबरनेटिस तीस सेकंद, डॉकर दहा. तोवर सौम्य निरोप, त्याचा नंबर पंधरा. तो ऐकून आवराआवर करता येते. मुदत संपली की नऊ नंबरचा, आणि तो ऐकूच येत नाही. प्रोग्रॅमला तो मिळाल्याचे कळायच्या आत सगळे संपलेले असते. त्यामुळे वाट पाहणारानेही मुदत ठरवूनच पाहावी. आणखी एक फजिती सांगून ठेवतो. कित्येकदा बंद करणारा गडी स्वतःच वहीची किल्ली हातात धरून लिहिणाऱ्या थ्रेडची वाट पाहत बसतो, आणि लिहिणारा त्याच किल्लीची. दोघेही अत्यंत सभ्य. मग नऊ नंबरच येतो.

इथवर आलो आणि मला वाटले, काम झाले. पण ज्या तालुक्यांची ही गोष्ट आहे तिथे वीज पंधरा नंबरचा निरोप धाडून जात नाही. जाते ती नऊ नंबरनेच. मग या साऱ्या सभ्यतेचा उपयोग काय? स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी २००३ साली एका निबंधात हा विचार टोकाला नेला. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्रॅमला बंद करण्याची वेगळी रीत नसावीच. आपटणे हेच थांबणे, आणि आपटल्यावर सावरणे हेच सुरू होणे, अशीच त्याची घडण असावी. मी हे अर्धे मानतो. अकस्मात मरण येणारच, तर त्यासाठी घर नेहमी आवरलेले असावे, हे खरे. पण म्हणून पाहुण्याला रोज मागच्या दाराने ढकलून काढायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

त्या अर्ध्या विचाराला जोड मिळाली ती आमच्याच घरातून. भोरच्या पेठेत माझ्या वडिलांचे किराणा दुकान होते. लोखंडी शटर येण्यापूर्वीचे. दर्शनी भागाला खोबणीत सरकणाऱ्या लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर क्रम चुकू नये म्हणून आकडे कोरलेले. आठ वाजले की वडील एकेक फळी लावू लागत, आणि एक फळी लावायची ठेवीत. त्या फटीतून आतले गिऱ्हाईक बाहेर जाई. बाहेरच्याने डोकावले तर "आता सकाळी" म्हणून सांगत. आतल्या कोणालाही अर्धा तोलून परत पाठवीत नसत. मग रोजकीर्द. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार घडेल तसा, त्याच क्रमाने रोजकीर्दीत लिहिलेला असे, आणि लिहिल्याशिवाय मालाची पुडी हातातून सुटत नसे. रात्री तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे, आणि चढवला की रोजकीर्दीत त्याच्यासमोर खतावणीच्या पानाचा आकडा पडे. खतावणीतही रोजकीर्दीचे पान लिहिलेले. मधेच दिवे गेले, पाहुणा आला, कोणाला विंचू चावला, तरी वडील वही मिटून निःशंक उठत. सकाळी जिथे आकडा नाही तिथून पुढे. आणि चढवून आकडा टाकायचा राहिला असेल अशी शंका आली, तर खतावणीत ते पान पाहायचे. असेल तर दुसऱ्यांदा चढवायचे नाही. मोठमोठे डेटाबेस हेच करतात. ते प्रथम नोंदवही लिहितात, मग खाते. मी ते परदेशी पुस्तकातून शिकलो तेव्हा पानापानावर मला वडिलांची बोरूची अक्षरे दिसत होती.

संस्थेचा प्रोग्रॅम मी असाच दुरुस्त केला. गावाकडून नोंद आली की ती आधी रोजकीर्दीत उतरते आणि मगच 'मिळाले' म्हणून जबाब जातो. उतरते म्हणजे खरोखर तबकडीवर उतरते. कारण यंत्राला नुसते 'लिही' म्हटले तर ते 'लिहिले' म्हणते आणि मजकूर काही काळ मनातच ठेवते. 'आत्ता, माझ्यादेखत' असे निक्षून सांगावे लागते. त्याने जबाबाला क्षणभर उशीर होतो. पुण्याच्या मंडळींनी बहुधा हा क्षण वाचवण्यासाठीच मिनिटाचा साठा केला असावा. केंद्रावर किटल्यांची रांग असते, आणि घाईचे कारण मला समजते. बंद करताना आधी दार, मग रांग, मग लिहिणारा, मग वही, असा क्रम लावला. सगळ्याला मिळून वीस सेकंदांची मुदत घातली आणि वेळेत कोण उठले नाही त्याचे नाव लिहून ठेवण्याची सोय केली. थ्रेड साधे केले. वेताळांना पेन्शन दिली.

मग परीक्षा. एका रविवारी नकली नोंदींचा पाऊस पाडून आम्ही यंत्र पुनःपुन्हा बंद केले. आधी शिस्तीने, पडद्यावरचे बटण दाबून. नंतर मी शिपायाला म्हटले, आता वायर ओढा. तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, वर्सभर मला दटावलं, वायर वडायची न्हाय म्हनून. आन आता?" पण पहिल्या दोन-तीन वेळांनंतर त्याला असा काही रंग चढला की मी 'पुरे' म्हटल्यावरही त्याने आणखी एकदा ओढून घेतली. दर वेळी यंत्र पुन्हा उठले, रोजकीर्द वाचली, राहिलेले चढवले. पाठवलेल्या आणि चढलेल्या नोंदींचा मेळ दर वेळी बसला.

जुन्या सतरा नोंदी पावत्यांवरून हाताने चढवल्या. सचिव स्वतः वेल्ह्याकडच्या त्या गावी गेले, पारावर बसले आणि दोष मशीनचा होता, पोराचा नव्हता, असे चारचौघांत सांगितले. मी बरोबर होतो. माफी वगैरे कोणी मागितली नाही. खेड्यात ती तशी मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी केंद्रावर कोणीतरी पोराच्या टेबलावर पावट्याच्या शेंगांचे गाठोडे ठेवून गेले होते. टेम्पोला दूध घालणाऱ्या चार घरांपैकी तीन परत आली. चौथ्याला टेम्पोवाला लिटरमागे काही पैसे जास्त देतो, असे कळले. त्याला थ्रेडचा इलाज नाही.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. संदेश धाडणाऱ्या थ्रेडला मधेच थांबावे लागले, तर शेवटचा संदेश गेला की नाही याची त्याला कधीकधी खात्री नसते. मग सुरू झाल्यावर तो तेवढा एक पुन्हा धाडतो. खाते पावतीचा आकडा पाहून दुसऱ्यांदा आलेले नाकारते, पण माणसाच्या मोबाइलला तशी खतावणी नाही. संदेश अजिबात न जाणे आणि दोनदा जाणे यांत मी दोनदा पत्करले. म्हातारीला एका पावसाळी रात्री असे सहा लिटरचे दोन संदेश मिळाले. शेजारच्या मुलीने ते वाचून दाखवले. सकाळी किटली घेऊन आली तेव्हा तिने पोराला विचारले, "दोनदा आलं म्हंजी पैसं बी दोनदा का रं?" तो नाही म्हणाला. तिने पावती घेतली, डब्यात टाकली, आणि बोटे मोडून आकडा मोजून घेतला.